झिदानने डोकं मारलं तो मातेराझ्झी पुढे कोच झाला का?

झाला, आणि तोही आपल्या भारतात. पण त्याची ओळख फक्त त्या धडकेपुरती ठेवणं अन्यायाचं आहे. ही धडक बसली त्या 2006 च्या इटली-फ्रान्स फुटबॉल वर्ल्ड कप फायनलमध्येच फ्रान्सला पेनल्टी मिळाली ती याच्यामुळे, इटलीचा बरोबरीचा गोल हेडरने केला तोही यानेच, आणि शूटआउटमध्येही त्याने चेंडू जाळ्यात धाडला. त्याआधी 2000-01 च्या मोसमात पेरुजा क्लबकडून त्याने सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, 12 गोल केले होते. बचावपटू असून! नंतर दहा वर्षं इंटर मिलान क्लब. इंटरच्या 2010 च्या तिहेरी विजेतेपदातही (इटालियन लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग) तो संघात होता.

2014 साली तो चेन्नईयन या चेन्नईच्या क्लबचा खेळाडू-कोच म्हणून आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) आला. खरा कळस 2015 ची फायनल, गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम, समोर एफसी गोवा. 87व्या मिनिटाला गोव्याने 2-1 आघाडी घेतली, स्टेडियममध्ये जल्लोष सुरू. आणि 90व्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर कट्टीमणीचा स्वयंगोल, पाठोपाठ भरपाई वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाचा गोल. चेन्नईयन 3-2 ने विजेते! गोव्याच्या चाहत्यांसमोर आजही हा विषय काढू नका. 2016 चा मोसम मात्र फसला आणि 2017 मध्ये त्याने चेन्नई सोडली.