ठाण्यात नाना शंकरशेटांचं नाव रेल्वेमुळे घेतात. पण त्यांनी नेमकं दान काय केलं?

बोरीबंदर-ठाणे गाडी (१६ एप्रिल १८५३) हे नानांचं दान नव्हे. रेल्वे कंपनीचे ते संचालक होते. हा घोळ नेहमी होतो. घराणं मूळ मुरबाडचं, आडनाव मुरकुटे, जन्म १० फेब्रुवारी १८०३.

खरं देणं शिक्षणाला. १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळेला त्यांनी गिरगावातल्या राहत्या वाड्यात जागा दिली, तीही लोक नावं ठेवत असताना. नुसती रक्कम देणं त्यापेक्षा कितीतरी सोपं! १८६५ साली ते गेले. पुढे मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी (पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर) मिळवली. नानांच्या मूळ गावी, मुरबाडला, जायचं असेल तर ठाण्याहून लोकलने कल्याण गाठा, पुढे एसटी.