नव्या शिक्षकांसाठी: हालचाल पाठातच गुंफा
तुम्ही नुकतेच सहावीच्या वर्गावर रुजू झाला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की हालचाल केवळ खेळाच्या तासापुरती ठेवू नका. पूर्णांक शिकवताना मी फरशीवर खडूने उणे १० ते अधिक १० अशी संख्यारेषा आखतो. 'उणे ३ मध्ये ५ मिळवा' म्हटले की एखादी मुलगी उणे ३ वर उभी राहून उजवीकडे पाच पावले टाकते, अधिक २ वर थांबते, आणि शून्य ओलांडल्यावर चिन्ह का बदलते हे तिला पायांखालीच दिसते. बाकीच्यांनी तेवढ्यात उत्तर वहीत लिहायचे, नाहीतर नुसता गोंधळ उरतो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. वर्गातली पाच मिनिटे तिची जागा घेत नाहीत, पण मरगळलेले लक्ष परत आणतात.

एप्रिलमध्ये नागपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उड्या टाळून बाकाशेजारीच हात-पाठ ताणायला लावा आणि आधी पाणी पिऊ द्या. ज्याला चालणे अवघड आहे, तो बाकावरच्या पट्टीवर बोटाने तीच पावले मोजू शकतो. त्याला नुसते बघत बसवणे मला मुळीच पटत नाही.