कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी पूर्ण उतरल्यावरच चार्ज करायची असते का?

‘पूर्ण उतरल्यावरच चार्ज करा’ हा सल्ला तुम्हाला ज्यांनी दिला त्यांनी बहुतेक निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या वापरल्या असतील. त्या दरवेळी अर्ध्यावरच चार्ज केल्या की पुढे अर्ध्यावरच दम टाकायच्या, म्हणून लोक मुद्दाम ट्रिगर दाबून धरून त्या रिकाम्या करत. तुमची लिथियम-आयन आहे. तिचं नेमकं उलट असतं, पार उतरवण्यानेच ती लवकर खराब होते.

18 व्होल्टच्या पॅकमध्ये, म्हणजे ड्रिलला लावायच्या बॅटरीत, पाच सेल (छोट्या बॅटऱ्या) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले असतात. प्रत्येक सेल नाममात्र 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टचा. चार्ज संपत आला की सेलना जपणारं सर्किट पुरवठा तोडतं आणि ड्रिल एकदम थांबतं. मग आपण काय करतो? मिनिटभर थांबतो, व्होल्टेज थोडं वर येतं, की पुन्हा ट्रिगर दाबून ‘एवढा एकच स्क्रू’ बसवतो. ही सवय आधी सोडा. जोर कमी झालासा वाटला किंवा इंडिकेटरचा शेवटचा दिवा उरला, की पॅक बदला. अर्धी उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावायलाही काहीच हरकत नाही.

पण माझ्या मते खरा शत्रू उष्णता आहे, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. मी फर्निचरचं काम करतो. 2 अँपिअर-अवरच्या (हे चार्ज साठवण्याच्या क्षमतेचं माप) छोट्या पॅकवर ग्राइंडर चालवला की काढताना तो हाताला चांगलाच चटका देतो. त्याच कामाला 4 अँपिअर-अवरचा पॅक लावला तर जेमतेम कोमट होतो. कारण सोपं आहे. छोट्यात सहसा पाच सेलची एकच रांग असते, मोठ्यात दोन रांगा समांतर. करंट निम्मा-निम्मा वाटला जातो, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने प्रत्येक सेल जवळपास चौपट कमी तापतो. म्हणून ग्राइंडर आणि सर्क्युलर सॉला मोठा पॅक, स्क्रू पिळायला छोटा. छोटा हातात हलकाही पडतो.

तापलेला पॅक लगेच चार्जरवर चढवू नका. बऱ्याच चार्जरना पॅकमधल्या सेन्सरवरून तापमान कळतं आणि गार होईपर्यंत ते चार्जिंग सुरूच करत नाहीत. लोकांना वाटतं चार्जर बिघडला. शून्य अंशाखालची थंडीही तितकीच वाईट, तेव्हा चार्ज केलं तर सेलच्या आत लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

रात्रभर चार्जरवर ठेवण्याबद्दल विचारलंत. पॅक भरला की कंपनीचा मूळ चार्जर थांबतो, त्यामुळे ओव्हरचार्जची भीती नाही. तरी झोपताना मी तो चालू ठेवत नाही, आणि भुश्शाने भरलेल्या टेबलावर तर दिवसाही नाही.

आता सहा महिने कपाटात पडलेली आणि चार्जच होत नसलेली तुमची दुसरी बॅटरी. रिकामी करून ठेवली असेल तर पॅकमधलं सर्किट थेंबथेंब करंट खात राहतं आणि सेल इतके खाली जातात की चार्जर त्यांना हात लावत नाही. आधी कॉन्टॅक्ट कोरड्या ब्रशने साफ करून दुसऱ्या चार्जरवर बघा. तरीही नकार आला तर चांगल्या पॅकला वायरी जोडून तिला ‘जागं’ करण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. खोलवर उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळलेलं असू शकतं, चार्ज करताना ते आत साचून शॉर्ट होतं आणि पॅक पेट घेऊ शकतो. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवा, नाहीतर टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. यापुढे जी ठेवून द्याल ती साधारण अर्धी भरून, टूलमधून काढून, थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी इंडिकेटर बघत जा.