सूट नेमकी कोणाला हवी आहे?

पत्र : आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहतो. मुलगी सातवीत आहे, मुलगा पहिलीत. गेल्या वर्षी राज्याच्या परीक्षेत मुलीला गणितात चारपैकी खालून दुसरी पातळी मिळाली. सोमवारी आणि गुरुवारी गणिताचा क्लास, शनिवारी लेखनाचा, आणि आता रविवारची मराठी शाळा बंद करून स्पर्धा-गणित सुरू केले आहे. ती म्हणते, संगणकावर प्रश्न अवघडच होत गेले. निकाल मी पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवला होता, तो तिला सापडला. तेव्हापासून ती अभ्यासाचे काही बोलत नाही. हा निकाल कॉलेजपर्यंत जाऊ नये म्हणून दोन्ही मुलांना सर्व राज्य परीक्षांतून सूट हवी आहे. न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ पालकांनी ती घेतली आहे. अर्ज कसा करावा? — एक पालक

उत्तर : आपले पत्र वाचून झाले तरी ती पासपोर्टांची फाइल माझ्या मनातून जात नाही. ज्या जागी मोठी माणसे कोणाच्या हाती लागू नयेत असे कागद ठेवतात, तिथे बारा वर्षांच्या मुलीला स्वतःचा निकाल सापडावा, यातून तिने काय समजायचे? निकाल एवढेच सांगत होता की सहावीच्या गणितातला काही भाग अजून कच्चा आहे. ही गोष्ट लाजिरवाणी आहे, हे तिला त्या फाइलने सांगितले. आपला हेतू तिला दुखवण्याचा नव्हता, याची मला खात्री आहे. पण ती गप्प झाली आणि त्यावर उपाय म्हणून आपण पुढचा निकालच घरी येऊ नये अशी व्यवस्था करू पाहत आहात. तिला परीक्षेची भीती वाटते, असे एकही वाक्य आपल्या पत्रात नाही. भीती आपल्याला वाटते आहे, आणि ते मी स्पष्टच लिहिते.

अर्जाचे म्हणाल तर तो चार ओळींचा आहे. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेच्या कलम ६०६१५ प्रमाणे पालकाने लेखी विनंती केली की शाळेने ती मान्य करायचीच असते. कारणही द्यावे लागत नाही. धाकट्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. भाषा आणि गणिताच्या राज्य परीक्षा तिसरीपासून सुरू होतात, त्यामुळे आज त्याला त्यांतून सूट मागण्याचा प्रश्नच येत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिल्यामुळे जर त्याला ‘एल्पॅक’ ही इंग्रजीची चाचणी द्यावी लागत असेल, तर तिला हे कलम लागू होत नाही. फॉर्मवर इंग्रजीच लिहायला हवे होते, असा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो मनावर घेऊ नका. निकालापाठोपाठ मराठीही लपवण्याची गोष्ट ठरली, तर त्या घरात मुलांनी मोकळेपणाने बोलायचे तरी कशाबद्दल?

आता प्रश्न अवघड होत गेल्याची गोष्ट. आपण त्याचा अर्थ मुलीला काहीच येत नाही असा लावलेला दिसतो, आणि तो चुकीचा आहे. आपण मुंबई-पुण्याच्या शाळांत ज्या छापील प्रश्नपत्रिका सोडवल्या, त्या वर्गातल्या प्रत्येकाला सारख्याच असत. या परीक्षेचा मोठा भाग तसा नसतो. मुलाने बरोबर उत्तर दिले की संगणक त्याच्यासमोर अधिक कठीण प्रश्न ठेवतो, चुकले की थोडा सोपा. त्याला कुठवर येते, ती रेघ शोधण्यासाठीच हे केलेले असते. म्हणून हुशार मुलांनाही पेपर जड गेल्यासारखा वाटतो. आपल्या मुलीला प्रश्न अवघड होत गेलेले दिसले, म्हणजे आधीची काही उत्तरे तिने बरोबर दिली होती. हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सहावीचा हा निकाल हायस्कूलच्या गुणपत्रकात जात नाही आणि कॉलेजेही तो मागत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर आता प्रवेश देताना एसएटी आणि एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुणही पाहत नाही. राज्य परीक्षेचा निकाल उपयोगी पडलाच तर मुलांच्या बाजूने पडतो. नववीत गणिताचा कोणता वर्ग द्यायचा, हे केवळ कोणाच्या मतावर ठरू नये, म्हणून २०१५ मध्ये या राज्यात कायदा झाला आणि जे वस्तुनिष्ठ पुरावे त्यासाठी धरता येतात, त्यांत राज्य परीक्षेचे गुणही आहेत. पुढच्या वर्षी ती आठवीत असेल. तेव्हाचा पुरावा आपण आजच का नाकारावा?

न्यूयॉर्कचा दाखला इथे लागू पडत नाही. २०१५ मध्ये तिथे तिसरी ते आठवीच्या सुमारे एक पंचमांश मुलांनी परीक्षा दिली नाही, आणि लाँग आयलंड हे त्या चळवळीचे केंद्र होते. शिक्षकांचे मूल्यमापन मुलांच्या गुणांना जोडण्यास आणि घाईने आणलेल्या कठीण परीक्षांना त्या पालकांचा विरोध होता, आणि तो त्यांनी उघडपणे केला. तशा भूमिकेतून कोणी सूट घेत असेल तर मी तिचा आदर करते. आपल्याला परीक्षा ही पद्धत चुकीची वाटत नाही, नाहीतर आठवड्याचे चार दिवस क्लासला दिले नसते. आपल्याला फक्त हा एक आकडा नको आहे.

या मुलीला कशातून सूट द्यायचीच असेल, तर ती रविवारच्या स्पर्धा-गणितातून द्या. ज्या मुलीचा पाया एखाद-दुसऱ्या ठिकाणी कच्चा आहे, तिला स्पर्धेची गणिते घालून तो पक्का होत नाही. तिथे ती दर आठवड्याला फक्त मागे पडण्याचा अनुभव घेते. तिच्या शिक्षकांना भेटा आणि अडते कुठे, अपूर्णांकांत, गुणोत्तरात की शाब्दिक उदाहरणांत, एवढेच विचारा. सोमवार-गुरुवारच्या क्लासने त्यावरच काम करावे. करणार नसेल तर तोही बंद करावा.

तो कागद मात्र याच आठवड्यात फाइलमधून बाहेर काढा. तिच्याशेजारी बसा, तो लपवला ही आपली चूक होती असे तिला सांगा, आणि संगणक प्रश्न कसे निवडतो तेही समजावून सांगा. मग यंदाची परीक्षा द्यायची का, हे तिलाच विचारा. ती नको म्हणाली तर अर्ज जरूर द्या, माझी हरकत नाही. रविवारी मराठी शाळेत परत जायचे आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.