तरुण पिढीत हिंदू धर्म कोणत्या रूपात टिकेल?

आपण विचारले आहे की, आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने यंदा गणपतीच्या आरतीला उभे राहण्यास नकार दिला, ‘माझा देवावर विश्वास नाही’ असे शांतपणे सांगितले, आणि तेव्हापासून आपल्या मनात एकच प्रश्न घोळतो आहे : आणखी दोन पिढ्यांनी हिंदू धर्म उरेल का? मी गेली बावीस वर्षे पौरोहित्य करते. त्यातील बहुतेक काम विवाहसंस्कारांचे असल्यामुळे पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींशी, तेही त्यांच्या आयुष्यातील एका गंभीर टप्प्यावर, माझे सतत बोलणे होते. त्या अनुभवावरून आणि थोड्याफार वाचनावरून हे लिहिते आहे.

धर्म उरेल की नाही याची चिंता मला वाटत नाही. तो कोणत्या रूपात उरेल याची मात्र वाटते, आणि त्या चिंतेचे कारण आपली मुलगी नाही. आज पन्नाशी-साठीत असलेल्या आपल्या पिढीने घरातून मिळालेला ठेवा पुढे देताना कृती दिली आणि तिचा अर्थ द्यायचे राहून गेले, हे ते कारण आहे.

आधी विश्वासाबद्दल बोलू. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर आले आणि कोणताही धर्म नाही असे सांगणारे ३७.२ टक्के झाले. असे आकडे वाचले की आपल्याकडेही हेच होणार असे अनेकांना वाटू लागते. परंतु जिथे धर्मात असणे एका श्रद्धावचनावर अवलंबून असते, तिथे श्रद्धा गेली की माणूस बाहेर पडतो; आपल्याकडे उंबरठा त्या जागी नाही. आपल्या जुन्या दर्शनांपैकी सांख्यांनी ईश्वराला वगळून विश्वाची मांडणी केली, पूर्वमीमांसा या दुसऱ्या दर्शनाने वेद प्रमाण मानूनही सृष्टिकर्त्याची गरज मानली नाही, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त तर ही सृष्टी कोठून आली हे तिच्या अध्यक्षाला ठाऊक असेल किंवा नसेलही, या शंकेवर संपते. सामान्य माणसाच्या मनातही ही मोकळीक आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत देव न मानणारा माणूस हिंदू असू शकत नाही असे म्हणणारे हिंदू ४९ टक्के निघाले आणि कधीच देवळात न जाणाऱ्याविषयी तसे म्हणणारे ४८ टक्के. म्हणजे दोन्ही बाबतींत निम्म्याहून किंचित अधिक लोकांनी तसे म्हटले नाही. आपल्या मुलीच्या त्या एका वाक्याने ती कुठून बाहेर गेलेली नाही. मात्र याचाच आधार घेऊन ‘तू काहीही म्हण, तू हिंदूच आहेस’ असे तिला सांगू नका. ते खरे असले तरी त्या क्षणी ते तिचे तोंड बंद करणारे वाक्य ठरेल, आणि उद्या तिने स्वतःला नास्तिकच म्हणवून घ्यायचे ठरवले तर तो तिचा अधिकार आहे.

आता मला जे दिसते ते सांगते. मी काम सुरू केले तेव्हा लग्नाच्या आधी मुलीचे किंवा मुलाचे वडील येत, मुहूर्त आणि सामानाची यादी घेऊन जात, आणि वधूवरांची व माझी पहिली भेट बोहल्यावरच होई. गेल्या दहा-बारा वर्षांत हे बदलले आहे. आता वधूवर स्वतः येतात, दोन-दोन तास बसतात, प्रत्येक विधीचा अर्थ विचारतात आणि काही विधी नकोत असेही सांगतात. सर्वाधिक प्रश्न कन्यादानाविषयी असतात. ‘माझे दान कसे होऊ शकते, मी काय वस्तू आहे का,’ हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकले आहे की ते आता या काळाचेच वाक्य आहे असे वाटते. मी त्यांना सांगते की, १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे सातवे कलम कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे झालेला विवाह मान्य करते आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो असे म्हणते. कन्यादानाचे त्यात नावही नाही. मग आम्ही सप्तपदीचे मंत्र उघडून बसतो. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे समृद्धीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी, आणि सातव्या पावलाला वर वधूला म्हणतो, ‘सखा सप्तपदी भव.’ सात पावले चाललीस, आता माझी सखी हो. इतके जुने वचन, आणि त्यात शेवटी मागितले जाते ते सख्य. हे कळल्यावर त्या दोघांच्या चेहऱ्यांवर जे उमटते ते मी शब्दांत मांडू शकत नाही. कित्येक जोडपी मग स्वतःहून सांगतात की हे मंत्र दोघेही म्हणू, एकट्या वराने का म्हणायचे?

याच बैठकांत कधीकधी वधूची आई असते. ‘आमच्यात कन्यादान होतेच,’ असे ती म्हणते. मुलगी विचारते, ‘का?’ आणि आई गप्प होते, कारण तिलाही ते कोणी सांगितलेले नसते. मला त्या आईचा राग येत नाही, तिच्याविषयी कणव वाटते. पण नवी पिढी धर्मापासून तुटते ती याच जागी, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कठोपनिषदाची सुरुवात आठवून पाहा. वडील यज्ञात दान म्हणून अशा गाई देत असतात ज्यांचे दूध आटले आहे आणि ज्यांना आता गवतही खाववत नाही. ते पाहून लहान नचिकेत अस्वस्थ होतो आणि विचारतो, ‘बाबा, मला कोणाला देणार?’ वडील दुर्लक्ष करतात. तो तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा ते चिडून म्हणतात, ‘तुला मृत्यूला देतो.’ पोकळ झालेल्या कर्मकांडाकडे बोट दाखवणारा मुलगा आणि उत्तराऐवजी रागावणारा बाप : या परंपरेतील एक अत्यंत गहन ग्रंथ इथून सुरू होतो, आणि त्यात ज्ञान मिळते ते मुलाला.

हा धागा तुटण्याची कारणे अनेक आहेत. व्रतांच्या कहाण्या सांगणाऱ्या आज्या वेगळ्या घरात राहू लागल्या, मुलांची शिकण्याची भाषा बदलली, पूजा ही गुरुजींना बोलावून उरकण्याची बाब झाली आणि तेवढा वेळ यजमान फोनवर बोलत राहिले. मुले हे सर्व पाहत असतात. केवळ भाषा किंवा देश बदलल्यामुळे धर्म जात नाही, याचा मोठा दाखला कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर आहे. १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर तेथे नेले गेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या बोलण्यातून भोजपुरी जवळजवळ संपली, जातीची घडीही बरीच मोडली, तरी रामायणाचे सामुदायिक पाठ चालू राहिले आणि पूजेनंतर अंगणात बांबूवर झंडी लावण्याची रीत आजही आहे. सगळा गाव एकत्र बसून ते करीत असे आणि मुले त्या गर्दीत बसूनच मोठी होत. अमेरिकेतही प्यूच्या २०१४ च्या पाहणीत हिंदू घरात वाढलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक प्रौढपणीही स्वतःला हिंदू म्हणत होते. तिथल्या पालकांना, आजूबाजूला काहीच आपोआप घडत नसल्यामुळे, बसून समजावून सांगावे लागते. आपल्याला मात्र वाटत राहते की मुले हवेतूनच सर्व उचलतील.

मुले हवेतून जे उचलतात ते आज फार वेगळे आहे. घरात अर्थ मिळाला नाही तर ती जागा रिकामी राहत नाही. ती फोनवरचे संदेश, मिरवणुकीतील भिंतींसारखे ध्वनिवर्धक आणि दुसऱ्या कोणाविषयी तरी राग असलेली अस्मिता यांनी भरते. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात ६६ कोटींहून अधिक लोकांनी स्नान केले असे शासनाने सांगितले. तेथे गेलेल्या तरुणांची श्रद्धा मी खोटी मानत नाही, पण गर्दीच्या आकड्यावरून धर्माचे आरोग्य मोजणे मला पटत नाही. धर्माच्या नावाने घसा फोडून ओरडणारा, पण आपल्या आजीला पाठ असलेली एकही ओवी ज्याला येत नाही, असा तरुण मला आपल्या मुलीपेक्षा अधिक दूर गेलेला वाटतो.

परंतु भवितव्य ठरवणारा सर्वांत कठीण प्रश्न जातीचा आहे, आणि तो टाळून केलेली कोणतीही चर्चा तरुणांना खोटी वाटते. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळली जाते असे स्वतः मान्य केले. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला, ते दार तेव्हा उघडले नाही. १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. हे सारे आजचा मुलगा दोन मिनिटांत वाचू शकतो. त्याला ‘जात हा आपल्या धर्माचा भागच नाही’ असे सांगितले की तो पुढचे काहीच ऐकत नाही, आणि त्याचे बरोबर असते, कारण ज्यांनी दारे बंद ठेवली ते धर्माचाच हवाला देत होते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत वराने मला विचारले, ‘माझ्या आजोबांच्या लग्नाला तुमच्या घरातले कोणी आले असते का?’ मी म्हणाले, ‘नाही. माझे आजोबा आले नसते.’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने सांगितले की लग्न विधिपूर्वकच करायचे आहे, पण विवाहहोमाचा अग्नी त्याची आजी प्रज्वलित करील. तसेच झाले. मी त्या दिवशी सारवासारव केली असती तर तो उठून गेला असता, याविषयी मला शंका नाही.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचे वर्ग १९७० च्या दशकात सुरू झाले आणि त्यांतून शिकलेल्या स्त्रियांमुळेच माझ्यासारखीला हा मार्ग दिसला. पंढरपूरच्या मंदिर समितीने २०१४ मध्ये स्त्रिया आणि ब्राह्मणेतर पुजारी नेमण्याचे पाऊल उचलले. सुरुवातीच्या वर्षांत मला दारातच ‘गुरुजी कुठे आहेत?’ असे विचारले जाई. आता तरुण घरांत तो प्रश्न जवळजवळ येत नाही. बदल शक्य आहे हे म्हणूनच मी विश्वासाने सांगू शकते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला तो तेव्हाच्या माणसाला कळावा म्हणूनच. आजच्या मुलांच्या बोलीत, त्यांच्या शंकांसह तो पुन्हा सांगावा लागेल, आणि हे काम मठांपेक्षा आईवडिलांकडून अधिक होईल असे मला वाटते.

आता आपल्या घरातील प्रसंगाकडे येते. मुलीला आरतीला उभे राहण्याचा आग्रह करू नका; बसून ऐकायची असेल तर ऐकू द्या, नसेल तर तेही चालेल. तिचा नेमका कशावर विश्वास नाही, हे वाद न घालता विचारा : मूर्तीवर, नवसावर, पापपुण्याच्या हिशेबावर, की आपण सारे जे करतो ते मनापासून करतो यावर? बहुतेक वेळा उत्तर शेवटचे असते. त्यानंतर आपण स्वतः ती आरती एकदा शब्द लावून वाचा. गणपतीच्या आरतीच्या शेवटच्या कडव्यात असंख्य लोक वर्षानुवर्षे ‘संकष्टी पावावे’ म्हणतात. मूळ शब्द ‘संकटी पावावे’ असा आहे, म्हणजे संकटात धावून ये. संकष्टी चतुर्थीशी त्याचा संबंध नाही. ‘फणिवरबंधना’ म्हणजे ज्याने कमरेला नाग बांधला आहे तो. तो शब्दही अनेकांच्या तोंडी ‘वंदना’ होऊन बसला आहे. आपण आजवर काय म्हणत होतो ते मुलीला सांगा, आपल्यालाही ते आत्ताच कळले असेल तर तसेच सांगा, आणि ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ या ओळीत वाट पाहणारा कोण आहे, हे तिलाच शोधायला द्या.