शाळेच्या लायब्ररीत कथा-कादंबऱ्या लेखकाच्या नावाने लावाव्यात की प्रकारानुसार?

प्रकारानुसारच लावा. मी ठाण्यात कळव्याच्या एका शाळेत लायब्ररी बघते, आमच्याकडे आधी सगळं ड्युईप्रमाणे होतं, म्हणजे विषयाला नंबर देऊन पुस्तकं लावायची पद्धत, मराठी कादंबरी ८९१.४६३ आणि इंग्लिश ८२३, पण सहावीतलं पोरगं नंबर घेऊन येत नाही हो, ते येऊन म्हणतं "बाई, भुताचं द्या ना"!

प्रकार मात्र सहा-सातच ठेवा, साहस, रहस्य, भय, विज्ञानकथा, ऐतिहासिक, विनोदी, शाळा-मैत्री, बास. जास्त केले की दोन-दोन पुस्तकांचे कप्पे होतात. एकच पुस्तक दोन्हीकडे बसत असेल तर मूल ते काय म्हणून मागेल तिथे ठेवायचं, फास्टर फेणे रहस्यात पण चालेल पण पोरं साहस म्हणूनच नेतात, नारळीकरांचं विज्ञानकथेत, तिथे प्रश्नच नाही. प्रत्येक प्रकाराला एक रंग, पुस्तकाच्या कण्यावर खालून दोन इंचावर स्टिकर आणि वरून सेलोटेप, नाहीतर पावसाळ्यात दमट हवेने सगळे सुटून येतात. कप्प्याच्या आत लेखकाच्या आडनावानेच लावा.

आणि दाखल नंबरला, म्हणजे पुस्तक आल्यावर रजिस्टरमध्ये पडतो त्या नंबरला, अजिबात हात लावू नका, रजिस्टर आहे तसंच राहू दे, फक्त शेरा कॉलममध्ये रंग लिहा. सातवी-आठवीच्या पोरांना सोबत घ्या, कुठलं पुस्तक कुठे जावं हे त्यांना आपल्यापेक्षा बरोबर कळतं.