पित्त झालंय की पित्ताशय दुखतंय?

प्रश्न : मार्चमध्ये वजन कमी करायला स्लीव्हचं (जठर लहान करण्याचं) ऑपरेशन झालं, चार महिन्यांत २६ किलो उतरले. आता रात्री जेवल्यावर पोटात वरच्या बाजूला दुखतं, पाठीत जातं. सासूबाई म्हणतात पित्त झालंय, कोकम सरबत घे. (मुलुंड)

सासूबाईंचं चुकत नाहीये, आपल्या मराठीचीच गोची आहे, आपण ॲसिडिटीलाही पित्तच म्हणतो. छातीत जळजळतंय, आंबट ढेकर येतायत तर ते ॲसिडिटीवालं. पण मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली कळ येऊन अर्धा तास, कधी चार तास हलत नाही, पाठीत नाहीतर उजव्या खांद्याकडे जाते, तर संशय पित्ताशयावर घ्यायचा. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरायला लागलं की साठलेल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं, त्यात खाणं कमी म्हणून पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय, नीट रिकामी होत नाही, गाळ बसतो आणि त्याचेच खडे होतात. उपाशीपोटी सोनोग्राफी करून घ्या, याच आठवड्यात. ताप किंवा थंडी वाजली, डोळे पिवळे झाले तर मात्र थेट कॅज्युअल्टी, सकाळची वाट नको.

प्रश्न : वजनासाठी केलेल्या पोटाच्या बायपासनंतर उर्सोच्या (पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणूनच्या) गोळ्या दिल्यात. काहीच दुखत नाही, बंद करू? (दादर)

नका करू, दुखू नये म्हणूनच तर दिल्यात. अमेरिकेत १९९५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात बायपासनंतर सहा महिन्यांत औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांना खडे झाले आणि रोज ६०० मिलीग्रॅम उर्सो घेणाऱ्यांत फक्त २ टक्के! म्हणून सहसा सहा महिने देतात. आणि हो, तेल-तूप अगदी शून्य करू नका, थोडं फॅट पोटात गेलं की पिशवी आकुंचन पावते. वडापावची परवानगी नाही दिलेली हां, डाएटिशियनने दिलंय तेवढंच.

प्रश्न : ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस प्यायल्यावर खडे खरंच पडतात? मावशीचे पडले. (बोरिवली)

एक काका असेच हिरवे गोळे जॅमच्या बाटलीत घालून माझ्याकडे आले होते, एवढे खूश की विचारू नका. चिमट्याने दाबला तर मेणासारखा चपटा झाला. पोटात तेलाचा साबण होतो, त्याचे गोळे ते. सोनोग्राफीत खडे होते तिथेच. कुळथाचं पाणीही लोक सुचवतात, पण ते मुतखड्यासाठी हो, अवयवच वेगळा!

प्रश्न : मग वजनाच्या ऑपरेशनमध्येच पित्ताची पिशवी काढून टाकावी का? (परळ)

खडे नसतील तर सहसा नाही काढत. आधीच खडे असून त्रास होत असेल तर काढतात. बायपासवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, नंतर खडा पित्ताच्या नळीत अडकला तर तोंडातून दुर्बीण टाकून काढणं अवघड जातं कारण आतला रस्ताच बदललेला असतो. म्हणून नवीन हॉस्पिटलमध्ये गेलात की पहिलं वाक्य हेच, माझा बायपास झालाय, आणि पोटाचा म्हणून सांगा, नाहीतर सगळे हार्टचा समजतात.